कुणीतरी अजून वापरत असेल

तात्पुरता म्हणून चालू ठेवलेला सर्व्हर आणि तात्पुरती म्हणून लिहिलेली स्क्रिप्ट, या दोन गोष्टींना मरण नाही. बाकी सगळं जातं. कंपनीचं नाव बदलतं, लोगो बदलतो, कँटीनचा ठेकेदार बदलतो, मॅनेजर तर नाव पाठ होण्याच्या आत बदलतात. स्क्रिप्ट मात्र जागची हलत नाही. तिला हलू न देणं, आणि तरीही ती नव्याजुन्या सगळ्या मशीनवर चालेल असं बघणं, हा माझा व्यवसाय आहे.

हे नातेवाइकांना समजावणं कठीण जातं. मुंजीत, बारशात कुणीतरी काका गाठतातच.

"तू आयटीत ना? मग एआयचंच काम असेल."

"नाही काका. मी बिल्ड स्क्रिप्ट सांभाळतो. आमचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवरही तयार व्हायला लागतं, ते बघतो."

"म्हणजे रिपेरिंग."

"तसंच म्हणा."

"मग आमचा प्रिंटर बघ ना जरा."

प्रिंटर बघावा लागतो. तोही जुना असतो आणि तोही टाकून देण्याचा विषय काढलेला काकांना चालत नाही.

तर बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे काय? प्रोग्रॅमर मंडळी जे लिहितात ते मशीनला जसंच्या तसं कळत नाही. ते कंपायलरमधून काढावं लागतं, तुकडे जोडावे लागतात, फाइली इकडच्या तिकडे कराव्या लागतात, आवृत्तीचा आकडा टाकावा लागतो, शेवटी गाठोडं बांधावं लागतं. रोज हे हाताने कोण करणार? म्हणून या कामांची एकाखाली एक यादी लिहून ठेवतात. यादी वाचून हुकूम बजावणारा जो प्रोग्रॅम, तो शेल. यादी अगदी साधी असते. एखादा मुलगा दुपारच्या जेवणानंतर, डोळ्यांवर झापड असताना लिहून मोकळा होतो. ओळी वीसेक. मग ती यादी दुसऱ्या मशीनवर चालवून बघतात. तिथून पुढे त्या वीस ओळींच्या दोन हजार कशा होतात, हीच माझी कारकीर्द.

आधी शेलचंच घ्या. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल होता आणि त्याचं नाव होतं नुसतं 'एसएच'. पुढे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' आला. त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांचाही एक आला, त्याचा वंशज म्हणजे 'डॅश'. शिवाय कॉर्न शेल, झेड शेल, बिझीबॉक्समधला चिमुकला 'ॲश'. अडचण अशी की 'एसएच' अशी हाक मारली तर कोण ओ देईल याचा नेम नाही. सोलारिस नावाच्या सिस्टिमवर २०११ मध्ये अकरावी आवृत्ती येईपर्यंत बोर्नसाहेबांच्या घराण्यातला जुना शेलच ओ द्यायचा, आणि त्याला नंतरच्या पिढ्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. उबंटूवर आधी बॅश ओ द्यायचा, २००६ च्या ऑक्टोबरात ६.१० ही आवृत्ती आली आणि डॅश द्यायला लागला.

उबंटूवाल्यांचं म्हणणं, डॅश चपळ आहे, मशीन लवकर सुरू होतं. ते खरंच होतं. पण ज्या स्क्रिप्टच्या माथ्यावर 'एसएच' लिहिलेलं होतं आणि पोटात बॅशचे लाड भरलेले होते, त्या सगळ्या उघड्या पडल्या. लिहिणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: "माझ्याकडे तर चालतंय." आमच्या धंद्यात हे वाक्य 'रामराम'च्या जागी वापरतात.

आता सगळ्यात निरुपद्रवी हुकूम बघू. 'एको'. पुढे जे लिहाल ते पडद्यावर उमटवायचं, संपलं. यात काय बिघडणार? मला पडद्यावर "थांबा" लिहून, काम आटोपल्यावर त्याच ओळीत "झालं" लिहायचं होतं. ओळ तोडू नकोस असं सांगायला एकोला 'उणे एन' देतात. काही शेल ते ऐकतात. काही शेल ते 'उणे एन'सुद्धा इमानेइतबारे पडद्यावर छापतात आणि वर ओळही तोडतात. या दुसऱ्या मंडळींना ओळ न तोडण्यासाठी मजकुराच्या शेवटी तिरपी रेघ आणि 'सी' हे अक्षर लागतं. ते बॅशला द्यावं तर तो रेघ आणि सी छापतो. शेल कसा असावा याचं जे पॉझिक्स नावाचं प्रमाण आहे, त्याच्यापुढेही हा तंटा गेला. निकाल असा लागला की उणे एन दिल्यावर काय होईल ते ज्याच्या त्याच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहील. नव्या लोकांनी 'प्रिंटएफ' वापरावं. मला हा निकाल फार आवडतो. कुणाचंच चुकलं नाही, तुम्ही दुसऱ्या गल्लीने जा.

ज्या काळी प्रिंटएफ असेलच अशीही खात्री नव्हती, त्या काळच्या स्क्रिप्ट आधी एकोची परीक्षा घेतात, तो कुठल्या वळणाचा आहे ते ठरवतात, आणि मजकुराच्या आधी काय लावायचं, नंतर काय लावायचं, याची तीन व्हेरिएबलं भरून ठेवतात. संध्याकाळी साहेब येतात.

"आज काय झालं?"

"'थांबा' असं लिहिलं."

"दिवसभर?"

"सगळ्या मशीनवर, साहेब."

साहेबांनी ते अहवालात 'वापरकर्ता-संवाद सुधारणा' असं घातलं. माणूस वर का जातो, ते अशा वेळी कळतं.

एकोचं निदान दिसतं तरी. 'सेड' आतून पोखरतो. फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलायला सेडला 'उणे आय' देतात. लिनक्सवरच्या ग्नू सेडला तेवढं पुरतं. बीएसडी घराण्यातल्या सेडला, म्हणजे मॅकवरच्यालाही, जुन्या फाइलची प्रत ठेवताना तिच्या नावाला कुठलं शेपूट लावायचं तेही सांगावं लागतं. प्रत नको असेल तर रिकामं शेपूट द्यायचं. रिकामं असलं तरी द्यायचं! तेच रिकामं शेपूट लिनक्सच्या सेडला दिलं, तर तो त्यालाच हुकूम समजतो, खऱ्या हुकमाला फाइलचं नाव समजतो, आणि अशी फाइल सापडत नाही म्हणून तक्रार करतो. मधला मार्ग म्हणून कुणी 'उणे आय'पुढे 'उणे ई' लिहिलं, तर लिनक्सवर सगळं सुरळीत आणि मॅकला वाटतं, 'उणे ई' हेच शेपूट. मग फोल्डरभर 'मेकफाइल-ई', 'कॉन्फिग-ई', 'रीडमी-ई' अशी पिल्लं जन्माला येतात.

आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, या '-ई' फाइल कुठल्या मॉड्यूलच्या आहेत?"

"कुठल्याच नाहीत. काढून टाक."

"काढल्या होत्या. बिल्ड फुटला."

शोध घेतला. कधी काळी कुणालातरी त्या फाइल दिसल्या, त्याला वाटलं ही काहीतरी सोय असणार, म्हणून त्याने दुसऱ्या एका स्क्रिप्टमध्ये, गडबड झाली तर '-ई' फाइलवरून मूळ फाइल परत आणायची, असं लिहून ठेवलं होतं. वर टिप्पणी होती: "हे काढू नका." म्हणजे अपघाताने झालेल्या फाइलींना आता वापरकर्ता मिळाला होता. वापरकर्ता मिळाला की आमच्या शास्त्रात ती वस्तू वारसास्थळ होते. आज लिनक्सवर आमची स्क्रिप्ट त्या '-ई' फाइल मुद्दाम तयार करते. मॅकसारखं व्हावं म्हणून.

या 'हे काढू नका'वर कधीतरी कुणी प्रबंध लिहायला हवा. का काढू नये, हे कधीच लिहिलेलं नसतं. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून बेंगळुरूला किंवा टोरांटोला गेलेला असतो. क्वचित एखादा जास्त प्रामाणिक असतो, तो लिहितो: "हे का चालतं माहीत नाही, पण हे काढू नका." मी अशा ओळींपुढे चपला काढल्यागत उभा राहतो. स्वतःही लिहितो. माझ्या नोकरीचा निम्मा आधार म्हणजे मी जागोजागी लिहिलेलं 'हे काढू नका', हे मला ठाऊक आहे आणि साहेबांना ठाऊक नाही.

मॅकचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगून टाकतो. बॅशची ३.२ ही आवृत्ती २००६ ची. २००९ मध्ये बॅश ४ आला, नवनवीन सोयी घेऊन आला, पण परवानाही नवा, जीपीएल तिसरी आवृत्ती, घेऊन आला. ॲपलने ३.२ च्या पुढे पाऊल टाकलं नाही. २०१९ मध्ये कॅटालिना या आवृत्तीपासून टर्मिनलमध्ये झेड शेल बसवला, पण बॅश म्हणून आत आहे तो ३.२ च. त्यामुळे ऑफिसात कुणाला नवा चकचकीत लॅपटॉप मिळाला की सगळे हेवा करतात आणि मी हळहळतो. वर लाखभराची काच आणि आत २००६ सालचा बॅश!

या जुन्या बॅशची एक खोड अशी. स्क्रिप्टमध्ये कुणी शहाणपणाने शिस्त लावली की, बाबा रे, ज्याला किंमत दिलेली नाही असं व्हेरिएबल दिसलं तर तिथेच थांब. चांगली शिस्त आहे. पण यादी रिकामी असली की जुना बॅश म्हणतो, ही यादीच नाही, आणि थांबतो. "आहे रे, यादी आहे, रिकामी आहे!" हे त्याला पटत नाही. २०१६ च्या ४.४ आवृत्तीत त्याला ते पटलं. त्याआधीच्यांची समजूत घालायला एक मंत्र आहे: डॉलर, महिरपी कंस, चौकटी कंस, बेरजेचं चिन्ह, अवतरण, पुन्हा डॉलर, पुन्हा महिरपी कंस. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कीबोर्डवर कुणीतरी बसलं. नव्या मुलीलाही तसंच वाटलं, तिने तो सभ्यपणे पुसला, आणि आमची रिलीज शुक्रवारी रात्रीची सोमवारी गेली. आता त्याच्यावर काय लिहिलं आहे ते तुम्ही ओळखलं असेल.

पण खरी बहार वयाच्या दाखल्यात आहे. स्क्रिप्टला प्रत्येक मशीनला विचारावं लागतं, तू कोण, तुझी आवृत्ती कितवी. उत्तर येतं ते अक्षरांत, आणि शेलला त्यातला आकडा आकडा म्हणून कळत नाही; तो पहिल्या अक्षरापासून जुळवत जातो. फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती १९९३ ची. ती बिचारी अशक्त होती, तिला शेअर्ड लायब्ररी झेपायच्या नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं: नावापुढे १ आणि नंतर काहीही असेल तर हिला जास्त त्रास देऊ नका. यात नंतरचं 'काहीही' म्हणजे १.०, १.१ वगैरे अभिप्रेत होतं. मग दोन, तीन, चार, अशा आवृत्त्या निघत राहिल्या, सगळे सुखात होते. दहावी आली आणि असंख्य स्क्रिप्टनी तिच्याकडे बघून म्हटलं, एक! नंतर काहीतरी! अरे, ही तर आपली जुनी अशक्त पहिली! आणि तिच्यासाठी शेअर्ड लायब्ररी बनवायला नकार दिला. २०१४ च्या जानेवारीत रीतसर बाहेर पडलेली, धडधाकट, बहुतेक काळ सर्व्हर चालवण्यात घालवणारी सिस्टिम, आणि तिला वीस वर्षांपूर्वीच्या आजारपणाची रजा मंजूर!

तुम्हाला वाटेल, यावरून कुणी शिकलं असेल. त्याच वर्षी मॅक ओएसची १०.१० आली. लिबटूल नावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं: १०.० किंवा १०.१ किंवा १०.२, आणि पुढे काहीही. ही २००१-०२ ची बाळं, यांच्याशी जुन्या पद्धतीने वागा. १०.१० मध्ये १०.१ आहेच. १०.११ मध्येही आहे. १०.१२ मध्येही आहे. पिढ्यानपिढ्या पाळण्यात घातल्या.

काही जणांनी मग मशीनलाच वय चोरायला शिकवलं. लिनक्सचा गाभा वर्षानुवर्षं २.६ या आकड्याने सुरू व्हायचा. २.६.३९ पर्यंत पोचल्यावर लायनस टोरवाल्ड्स यांना आकडे फार लांबले असं वाटलं, आणि २०११ च्या जुलैत त्यांनी पुढच्या आवृत्तीला ३.० म्हटलं. आत विशेष काही बदललं नव्हतं, नुसता आकडा. तेवढ्याने कितीतरी प्रोग्रॅम अडले, कारण त्यांच्या लेखी जगाची सुरुवात २.६ ने होत होती. शेवटी गाभ्यातच अशी सोय केली की एखादा प्रोग्रॅम फारच हट्टी असेल तर त्याला मशीनने आपण ३.० नसून २.६.४० आहोत असं सांगावं. ३.१ असेल तर २.६.४१. पुढे २०२० मध्ये मॅकवाल्यांची बिग सर आली, तिचा खरा आकडा ११, पण जुन्या प्रोग्रॅमांनी विचारलं तर ती १०.१६ सांगते. इतक्या मोठ्या सिस्टिम, सगळ्या जगाचा हिशेब सांभाळणाऱ्या, आणि चौकशीला आलेल्या जुनाट स्क्रिप्टसमोर निमूट खोटं बोलतात. का, तर म्हाताऱ्याला धक्का नको.

ही चौकशी करणाऱ्यांत सर्वांत ज्येष्ठ म्हणजे कॉन्फिगर. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ लिहिलं, ते या कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देतं. हजारो ओळींची ती स्क्रिप्ट चालू केली की जे सुरू होतं त्याला मी कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणतो. कंपायलर आहे का? आहे. येतं का त्याला काही? मग एक छोटा प्रोग्रॅम करून दाखवू दे. केला. आता तो चालतो का? चालवून दाखवा. चालला. फाइलच्या नावाला शेपूट काय लावता तुमच्याकडे? काही नाही लावत? बरं. स्ट्रिंग येतं का? समोरची मुलगी उच्चशिक्षित, स्वतःच्या पायावर उभी, आणि हे विचारतात, स्वेटर विणता येतो का. १९८९ मध्ये सी भाषेचं प्रमाण ठरल्यापासून प्रत्येक कंपायलरबरोबर येणाऱ्या गोष्टी हे आजही एकेक करून विचारतात, आणि प्रत्येक उत्तराला "होय" असं लिहून घेतात. छोटा प्रोग्रॅम असला तर प्रत्यक्ष कामापेक्षा बघण्याच्या कार्यक्रमालाच जास्त वेळ लागतो.

यात अगदी सुरुवातीला एक प्रश्न असतो: बिल्डचं वातावरण शहाण्यासारखं आहे ना? पुढे उत्तर उमटतं: होय. मी एकदा त्याचा फोटो काढून घरी दाखवला.

बायको म्हणाली, "त्याला ऑफिस दाखवलंत का पण?"

ऑफिसात सध्या या सगळ्यावर एकच रामबाण सुचवला जातो. नव्या दमाचा एक मुलगा आहे, तो प्रत्येक मीटिंगमध्ये खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "सर, डॉकरमध्ये टाका ना." म्हणजे जुनी सिस्टिम एका पेटीत बंद करून नव्या मशीनवर ठेवायची, आणि जुन्यासाठीचा बिल्ड त्या पेटीत करायचा. कल्पना उत्तम आहे. आम्ही सेंटओएस ६ ची पेटी उघडली. त्या सिस्टिमची मुदत २०२० च्या नोव्हेंबरअखेर संपलेली. मुदत संपली की पॅकेज देणारे नेहमीचे सर्व्हर तिला ओळख दाखवत नाहीत. जुना माल 'व्हॉल्ट' नावाच्या कोठारात जातो. कोठाराचा पत्ता घातला. तर मधल्या काळात जगाने सुरक्षित बोलण्याची पद्धत बदललेली, आणि पेटीतल्या म्हाताऱ्याला नवी पद्धत येत नाही. ती शिकवण्यासाठी जे पॅकेज लागतं ते त्याच कोठारातून, नव्याच पद्धतीने बोलून आणावं लागतं. त्यात भर प्रमाणपत्रांची. लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांना टेकू देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला कालबाह्य झालं, आणि जुनं ओपनएसएसएल बाळगणाऱ्या मशीनना त्या दिवसापासून चांगल्याचांगल्या साइट संशयास्पद वाटायला लागल्या. पेटीतल्या म्हाताऱ्याचं म्हणणं, बाहेरचं सगळं जग बनावट आहे. वय झालं की होतं असं.

नव्या दमाच्या मुलाने शेवटी पेटी तयार केली. ती तयार करण्यासाठी त्याने एक शेल स्क्रिप्ट लिहिली. ती त्याच्या मॅकवर चालते, साहेबांच्या लिनक्सवर चालत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काही बोललो नाही. तो म्हणाला, "सर, माझ्याकडे तर चालतंय."

हे सगळं कुणासाठी? हा प्रश्न मी एकदा उघड मीटिंगमध्ये विचारला. त्याआधी थोडा इतिहास वाचून गेलो होतो, तेवढाच मुद्द्याला भार. मेक नावाचं जे बिल्डचं मूळपुरुष हत्यार आहे, ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलं. त्यात प्रत्येक हुकमाच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे तेव्हापासून आजतागायत जगभरची माणसं टॅबच्या जागी स्पेस पडली म्हणून वेडी होताहेत. फेल्डमन यांनीच पुढे सांगितलं आहे की हे बदलावं असं त्यांना लवकरच वाटलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच, त्यांना उगाच कशाला त्रास, म्हणून राहू दिलं. डझनभर! बोर्नसाहेबांची कथाही तीच. त्यांनी शेलमध्ये प्रत्येक वाक्य उलट्या शब्दाने बंद करायचं ठरवलं होतं, 'इफ' उघडला तर 'फाय'ने बंद, 'केस' उघडली तर 'एसॅक'ने बंद. 'डू' आला तेव्हा 'ओडी' म्हणावं, तर त्या नावाचा एक हुकूम युनिक्समध्ये आधीच नांदत होता. त्याला उठवायचं कसं? म्हणून 'डू' तेवढा 'डन'ने बंद होतो. इतक्या वर्षांत त्या 'ओडी'ला मी कामासाठी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

तर मीटिंग. सोलारिस १० आणि सेंटओएस ६ साठीचा आधार काढून टाकावा, असा ठराव मी मांडला. स्क्रिप्टच्या निम्म्या ओळी कमी होतील, नवीन मुलांची रडारड थांबेल, असं बरंच बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "पण कुणी वापरत असेल तर?"

"कोण वापरत असेल?"

"असं कोण म्हणून नाही. कुणीतरी."

"क्लायंटला विचारू."

क्लायंटला मेल गेली. क्लायंट परदेशातला, तिथे सकाळ व्हायला आपल्याकडे संध्याकाळ व्हावी लागते. त्यांच्याकडच्या बाईंनी लिहिलं, आमच्या माहितीत कुणी वापरत नाही, पण आम्ही आमच्या सिस्टिम विभागाला विचारतो. सिस्टिम विभागाने लिहिलं, एका शाखेत असं एक मशीन असावं. त्याचा पासवर्ड असलेले गृहस्थ निवृत्त झाले. त्या शाखेने लिहिलं, मशीन आहे, चालू आहे, त्यावर नेमकं काय चालतं याची कल्पना नाही, म्हणून आम्ही ते बंद करत नाही. आणि खाली एक ओळ: तुमचं सॉफ्टवेअर त्यासाठी अजून मिळतं, याअर्थी त्याचा काहीतरी उपयोग असणार.

ते मशीन चालू ठेवतात, कारण आमची स्क्रिप्ट त्याला आधार देते. आमची स्क्रिप्ट आधार देते, कारण ते मशीन चालू आहे. साहेबांनी मेल दोनदा वाचली आणि समाधानाने म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं, कुणीतरी आहे?" ठराव रद्द झाला. उलट, एवढा शोध लागलाच आहे तर त्या मशीनसाठी दर रिलीजला वेगळी चाचणी घ्यावी, असं ठरलं. ती जबाबदारी माझ्याकडे आली. चाचणी घ्यायला तसं एक मशीन ऑफिसातही हवं म्हणून खरेदी विभागाने भंगारवाल्याकडे चौकशी केली आणि एक जुनं मशीन मिळवलं. भंगारवाल्याने किंमत बरीच जास्त लावली. म्हणाला, "साहेब, या मॉडेलला अजून मागणी आहे."

तेव्हा वाचकहो, हा अंक परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही जातो असं संपादक सांगतात, म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या शाखेत, कुणाच्या टेबलाखाली सोलारिस १० किंवा सेंटओएस ६ चालू असेल, आणि तुम्ही ते खरोखर वापरत असाल, तर संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. बंद करा असं मी म्हणत नाही. तुमच्यासाठी लागेल तितकी वर्षं मी एकोची परीक्षा घेत राहीन. पण वापरत नसाल, तर तेही कळवा. आणि कळवताना कृपया साहेबांना प्रत पाठवा.